दहाव्याची कुरकुर

दुपारची भांडी आवरून मी स्वयंपाकघरातच पदर टाकून पडते. डोळा लागतोय न लागतोय तोच मांडणीपलीकडून आवाज येतो, "माणसाला टेकायला एक उशी नाही या घरात."

आमचे मालक. जाऊन सात महिने झाले, तरी किरकिर तीच. चाळीस वर्षं ऐकली. चहा गार, धोतराला नीळ जास्त, पाहुणे लवकर आले, पाहुणे उशिरा गेले.

मी उठून बसते. आज सोडायचं नाही.

"अहो, दहाव्याला कावळा का शिवला नाही?"

"ऊन किती होतं तिथं!"

"भावकीत नाक कापलंत माझं! तीन तास पिंड तसाच. तुमचा धाकटा भाऊ हात जोडून कबूल करत बसला, दादा, मळा बघतो, पोरीचं लग्न लावतो. कावळा फांदीवरनं बघतोय नुसता. शेवटी दर्भाचा करून शिववला. बायका कुजबुजल्या, हिनं पोटभर घातलं नसेल. मी? मी घातलं नसेल?"

मांडणीखालून पाणी वाहायला लागतं. आम्ही नदीवर आहोत. चूल घाटाच्या पायरीवर धुमसतेय. फांदीवर कावळा नाही, हेच बसलेत, पाय हलवत.

"बोला. काय राहिलं होतं तुमचं?"

"सगळे बोलले. तू बोललीस?"

"चारचौघांत तुमच्यापुढं हात जोडू?"

"हात कशाला? शिव्या द्यायच्या. जन्मभर मी एक कुरकुर केली की तुझ्या दहा यायच्या. त्या दिवशी तू मुकी. मला वाटलं, दहावा दुसऱ्याच कुणाचा चाललाय."

माझ्या अंगाचा भडका उडतो.

"अरे माणसा, मेल्यावरसुद्धा मीच ओरडायचं? लोकांपुढं रडू आवरत बसले होते मी, ते दिसलं नाही तुला? उतर खाली! गिळ हे!"

पिंड उचलून मी त्यांच्या तोंडात कोंबते. "भात फडफडीत झालाय," म्हणत ते सगळा खातात. माझी बोटंसुद्धा चाटतात.

"आत्या! अहो आत्या!" सून सुलभा दारात उभी. "कुणाला एवढं बोलताय? गल्लीत ऐकू गेलं."

घसा पार बसलाय. हाताकडं बघते. दोन बोटांच्या बेचक्यात भाताचं एक शीत चिकटलंय, त्याला काळा तीळ.

चुलीवर आज नुसत्या भाकरी झाल्यात.