अक्काच्या कानातली माणसं

अक्काला आवाज ऐकू येतात हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती खिडकीपाशी बसून एका ब्लाउजला हुक लावत होती. भर दुपार होती. आई, म्हणजे आमची अव्वा, शेजारी गेली होती, घरात आम्ही दोघीच. मी मुलांच्या वह्या तपासत होते. अक्का मान वर न करता म्हणाली, "थांबा की जरा. एवढं झालं की यायले."

"कोणाला म्हणायलीस?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. "तुला न्हाई," ती म्हणाली.

माझ्या मागे नुसती भिंत होती. तरी मला वळून बघायचं धाडस झालं नाही.

अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लग्नानंतर दीड वर्षात ती हुलसूरला माहेरी परत आली आणि शिवणाचं मशीन टाकून बसली. घरात आम्ही मराठी बोलतो, पण तिच्या कानातली माणसं कानडी बोलायची. एक बाई आणि दोन पुरुष. ती बाई सारखी म्हणायची, "केळु, केळु." म्हणजे ऐक, ऐक. एकदा अक्काने हे मला अगदी साधेपणाने सांगितलं, शेजारीण काय म्हणाली ते सांगावं तसं. तिच्या त्या साधेपणाचीच मला जास्त भीती वाटली.

बिदरच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्या. आवाज गेले नाहीत, पण लांब गेले, अक्काच्या शब्दांत, "गल्लीच्या टोकाला बसल्यावानी." त्याबरोबर तिची बोटं थरथरायला लागली. सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारायची. दिवसभर पेंगायची. अंगाने सुटली. अव्वा म्हणायची, जिवंत हाय, शांत हाय, अजून काय पायजे? मला मात्र जुनी अक्का पाहिजे होती. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचीही काळजी होती. तिचा आजार सुरू झाला त्या वयाला मी पोचले होते. शाळेत फळ्यावर लिहिताना मागून कोणी बोललं की मी आधी वर्गाकडे वळून बघायचे, कोणाचे ओठ हलले ते शोधायचे.

अशात शाळेतल्या एका बाईंनी कमठाण्याजवळच्या ध्यान आणि नादोपचाराच्या शिबिराबद्दल सांगितलं. सात दिवस राहायचं, काशाच्या भांड्यांचा नाद ऐकायचा, मन शांत होतं. मी अक्काचं नाव घातलं, सोबत माझंही. अर्जात "काही आजार?" असं विचारलं होतं. मी लिहिलं, "झोप नीट लागत नाही."

आणखी एक गोष्ट मी केली. ती लिहायला मला अजून जड जातं. तिथे ती पेंगू नये म्हणून रोज मीच द्यायचे त्या गोळ्या मी आठवडाभर आधीपासूनच बंद केल्या. कोणी सांगितलं नव्हतं. शिबिरवाल्यांना तर गोळ्यांचा पत्ताच नव्हता. त्या आठवड्यात अक्का तरतरीत झाली, हसली, दोरा स्वतः ओवला. अव्वाला मी म्हणाले, "बघ, आता गुण यायलाय."

शिबिर शेतातल्या एका पत्र्याच्या लांब हॉलमध्ये होतं. शिकवणाऱ्या बाई हळू आवाजाच्या, मायाळू. पहिले दोन दिवस छान गेले. भांड्यावर लाकडी दांडा फिरला की नाद उठायचा आणि जमिनीतून मांड्यांपर्यंत यायचा. अक्का म्हणाली, "गोड हाय गं." मला वाटलं, आपण जिंकलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. तासभर मौन. भांडं एकदाच वाजवलं. नाद विरत गेला तशा त्या म्हणाल्या, "आता आत जो आवाज येईल त्याला अडवू नका. फक्त ऐका."

अक्काच्या कानातली बाईही हेच तर म्हणायची. मी डोळे उघडून तिच्याकडे बघायला हवं होतं. पण नेमकं तेव्हाच मला माझ्या कानात काहीतरी ऐकू आलं. भांडं थांबलं होतं, तरी एक बारीक घुमणं चालूच होतं, आणि त्याच्या तळाशी कोणीतरी कुजबुजत असल्यासारखं वाटलं. आलं, आपल्यालाही आलं. मी श्वास रोखून त्या आवाजात शब्द आहेत का ते शोधत बसले. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा शेजारची सतरंजी रिकामी होती.

दारात तिच्या चपला तशाच होत्या.

मी अनवाणीच धावले. तुरीचं पीक डोक्याइतकं उंच, आतलं काही दिसेना. "अक्का! अगं अक्का!" वाटेत एक विहीर लागली. मी काठावर गुडघे टेकले आणि खाली बघायच्या आधी डोळे मिटून घेतले. ते उघडेपर्यंत जी भीती वाटली, तेवढी मला आधीही कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. खाली पाणी होतं, शेवाळ होतं. दुसरं काही नव्हतं.

गवत कापणाऱ्या एका बाईने हात करून सांगितलं, "ती अनवाणी बाई व्हय? गिरणीकडं गेली की."

गावच्या पिठाच्या गिरणीत चक्की घरघरत होती. तिला लागून, भिंतीला कपाळ टेकून अक्का बसली होती. केसांवर, पापण्यांवर पीठ. ओठ मिटून ती चक्कीच्या सुरात गुणगुणत होती. ज्वारी दळणारी म्हातारी मला खुणेने म्हणाली, बसू दे. मी वाकून अक्काच्या खांद्याला हात लावला, तो तिने झटकला.

"इथं त्यांचं चालंना," ती ओरडून म्हणाली. "इथं गप हाईत ते."

तेवढ्यात करंट गेला. चक्की मंद होत होत थांबली. अक्काने दोन्ही कान दाबले. "चालू करा! चालू करा की!" मग तिची नजर माझ्यावर आली. माझ्या बहिणीची नव्हतीच ती नजर. "तूच सांगितलीस त्यांना," ती म्हणाली. "मी कुठं हाय ते तूच सांगितलीस."

मी दारापर्यंत मागे सरकले. हो, मी तिला भ्याले. म्हातारी मात्र भ्याली नाही. तिने पत्र्याचं रिकामं मापटं उचललं आणि दगडावर ठोकायला लागली, एका लयीत. ठोकता ठोकता मला विचारलं, "आमच्या घरी बी एक असंच होतं. गोळ्या चालू हाईत का हिच्या?"

"न्हाईत."

"कामून?"

मी बाहेर जाऊन रिक्षा सांगितली. ती येईपर्यंत म्हातारी मापटं ठोकत राहिली आणि अक्का त्या ठोक्यांवर मान हलवत राहिली.

बिदरला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या कोणी थांबवल्या?"

"मी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं. अक्का अकरा दिवस दवाखान्यात होती. त्यातले पहिले चार दिवस ती माझ्या हातचं पाणीही घेत नव्हती.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी समजावलं की ध्यान वाईट नाही आणि नादही वाईट नाही, पण गोळ्यांच्या जागी नाही. आवाज वाढलेले असताना तर डोळे मिटून तासभर गप्प बसवणं म्हणजे माणसाला त्यांच्याच ताब्यात देणं. पाच मिनिटं बसवा, डोळे उघडे, पाय जमिनीला टेकलेले. गुणगुणू द्या, पुष्कळांना त्याने आवाज दबतात. नको म्हणाली तर उठू द्या. बोटं थरथरत होती त्यासाठी त्यांनी गोळी बदलली. हे मी त्यांना एवढ्या वर्षांत कधी बोललेच नव्हते.

घरी अव्वाने ऐकलं आणि म्हणाली, "मग त्यात नवं काय? आपल्या लिंगायतांत पूजेला गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन बघतच बसतात. डोळे कोण मिटतंय?" आजारपणात अक्काने लिंगपूजा सोडली होती, कारण हातात घेतलंस तर बोटं तोडू, असं तिला कानातले म्हणायचे. पहिल्या दिवशी ते तळहातावर ठेवताना अव्वाने तिच्या हाताखाली आपला हात धरला. अक्का नजर न हलवता गुणगुणायला लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, पुढे जावं की पळावं ते कळत नव्हतं. पाच मिनिटं झाली. काही झालं नाही.

आता दीड वर्ष झालं. कधी ती बसते, कधी "आज नको" म्हणून उठते. आवाज आहेत. "आज दोघंच हाईत," असं ती चहा पिताना सांगते. गोळ्या तिच्या तीच घेते, माझ्या हातून नाही.

माझ्या कानातलं ते घुमणं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, भांड्याचा नाद तसा रेंगाळतोच, त्यात भीती मिसळली की माणसाला काहीही ऐकू येतं. मला पटलं. पण पूर्ण नाही.

मागच्या महिन्यात तपासणीला बसने बिदरला जात होतो. माझं लक्ष नव्हतं, मी खिडकीबाहेर बघत असेन. अक्काने एकदम विचारलं, "तुला काही ऐकू यायलंय का?"

"न्हाई," मी म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले.

"आलं तर लपवू नकोस," ती म्हणाली. "मला सांग. त्यांच्याशी कसं ऱ्हायचं ते मला ठाऊक हाय."

मी मान हलवली. स्टँड आलं तशी ती उठली, पिशवी तिनेच घेतली आणि गर्दीतून माझ्या पुढे उतरली.