सहा पॉइंट दोन पाहा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो! माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते साठतात, आणि एक काढायला जावं तर सगळे अंगावर येतात.

परवा वसईच्या बाजारात फिलू भेटली तेव्हा हेच झालं. "पेंडसे सरांचं ते आठवतं का गं?" एवढंच ती म्हणाली. मग आम्ही दोघी वाटेतच उभ्या, शेवटी मासेवाली वैतागून म्हणाली, "बायांनो, पानी उडतंय, बाजूला होऊन हसा!"

हसत होती ती फिलू. मला अजून राग येतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गोखिवऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, प्लॅस्टिकच्या बादल्या करणाऱ्या कारखान्याच्या डोक्यावर आमचा गाळा होता. काम काय, तर यंत्रांची मॅन्युअलं लावायची. यंत्र बनवणारे इंजिनियर फाटक्या कागदांवर काहीबाही लिहून द्यायचे आणि आम्ही त्याचं पुस्तक करायचो. मालक पेंडसे सर. कॉम्प्युटरवर मी आणि फिलोमिना, म्हणजे राजोडीकडची आमची फिलू. प्रुफं तपासायला जोगळेकर काका, एका छापखान्यातून रिटायर झालेले.

अशा पुस्तकात पानोपानी "आकृती ५ पाहा", "विभाग ३.२ पाहा" असं असतं. आता मध्येच एक नवी आकृती घुसली की पुढचे सगळे आकडे सरकतात. ते आम्ही हाताने बदलायचो. बदलता बदलता दोन-चार राहायचेच, आणि राहिले की वाचणारा भलतीकडेच पोचायचा.

यावर औषध आमच्याच कॉम्प्युटरमध्ये होतं! प्रत्येक विभागाला, प्रत्येक आकृतीला एक नाव द्यायचं. जिथे तिचा आकडा हवा तिथे फक्त नाव घालायचं. आकडा कॉम्प्युटर स्वतः टाकतो, आणि काही सरकलं की स्वतःच बदलतो. मी सरांना समजावलं, "सर, माणसाने फ्लॅट बदलला तरी नाव बदलतं का? मग नावाने हाक मारूया ना, फ्लॅट नंबरने कशाला?"

सर म्हणाले, "सगळं कॉम्प्युटरच करणार, तर तू काय करणार?"

* * *

सर स्वतः काय करायचे ते ऐका.

एका पंपाच्या मॅन्युअलमध्ये ऐन वेळी नवा चौथा विभाग आला. म्हणजे जुना चौथा आता पाचवा. मी म्हटलं, सगळे संदर्भ बघून बदलायला दुपार जाईल. सर म्हणाले, "दुपार? हे बघ!" आणि त्यांनी माझ्या खुर्चीत बसून सगळ्या पुस्तकातल्या ४ च्या जागी ५ करून टाकला. एका फटक्यात!

विभाग बदलले. चारशेचाळीस व्होल्टची मोटर पाचशेपन्नासची झाली. चार बोल्ट होते तिथे पाच झाले. आणि मागच्या पानावरचा कंपनीचा फोन नंबर बदलून कुठल्या तरी आजीबाईंच्या घरचा झाला.

त्या आजीबाई सुरुवातीला चिडायच्या म्हणे. पण पंप बिघडला म्हणून इतके फोन आले, की पुढे पुढे त्याच विचारायला लागल्या, "हवा धरली असेल, बघितलीत का?"

हे कळल्यावर मी सरांपुढे अक्षरशः हात जोडले. सर शांत. "मग काय झालं? लोकांना उत्तर मिळतंय ना!"

* * *

दुसरी चीड एकसारखेपणाची. मी "आकृती" लिहायचे, फिलू "चित्र" लिहायची, आणि सर स्वतः एखादा विभाग करायला बसले की "ड्रॉइंग". किती वेळा सांगितलं, की नावं दिली तर आकड्याआधीचा शब्दसुद्धा कॉम्प्युटर एकच ठेवील! "शब्दांत वैविध्य हवं," म्हणे. मॅन्युअल आहे का दिवाळी अंक?

एक दिवस नाशिकहून गिऱ्हाइकाचा फोन. "आकृती ५ मिळाली, चित्र ५ पण मिळालं, पण ड्रॉइंग ५ तुम्ही पाठवलंच नाही."

मी समजावायला तोंड उघडलं, तोवर सरांनी फोन हातातून घेतला. "सॉरी सॉरी, राहिलंच आमच्याकडून. आजच पाठवतो!"

आणि तीच आकृती, जी त्या माणसाच्या पुस्तकात आधीच होती, मोठ्या कागदावर छापून, वर "ड्रॉइंग" लिहून, कुरियरने गेली. वर गिऱ्हाइकाचं आभाराचं पत्र! ते पत्र सरांनी माझ्या टेबलासमोर लावलं.

* * *

शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून सरांनी एका पुस्तकापुरती परवानगी दिली. "कर तुझं ते नावांचं. पण लाज नको आणूस."

मी आणि फिलूने मन लावून नावं दिली. आता ह्यात एक गोष्ट असते. ज्या विभागाचं नाव घातलंय तो विभागच पुस्तकात नसेल, तर कॉम्प्युटर आकड्याच्या जागी दोन प्रश्नचिन्हं टाकतो. प्रामाणिक बिचारा! माहीत नाही तर नाही म्हणतो. इंजिनियर साहेबांनी दुरुस्तीचे विभाग लिहूनच दिले नव्हते, त्यामुळे जागोजागी "विभाग ?? पाहा."

सर लालबुंद. "पुस्तकात प्रश्नचिन्हं? गिऱ्हाईक म्हणेल, यांनाच माहीत नाही!"

"नाहीच माहीत, सर. तो मजकूर आलाच नाहीये. मागवा ना!"

त्यांनी मागवला नाही. आम्ही डबा खायला गेलो तेवढ्यात त्यांनी सगळी "विभाग ??" काढली आणि तिथे "वर" असा शब्द घातला. "वर पाहा." झालं काम!

पुस्तक छापून आलं. पहिलंच पान, पहिलीच ओळ: "यंत्रात बिघाड झाल्यास वर पाहा."

वर गणपतीचं चित्र होतं.

* * *

जोगळेकर काकांवर मात्र मला रागावता येत नसे, जरी रागवावं असं ते खूप करायचे. त्यांची पद्धत अशी: डाव्या हाताची बोटं वेगवेगळ्या पानांत खुपसलेली, उजव्या हातात लाल पेन्सिल. "पाहा" दिसलं की तिथे जायचं, खात्री करायची, परत यायचं. मध्ये कुणी चहा दिला तरी बोट काढायचे नाहीत. चहा बशीतून फिलूने धरायचा.

एकदा परवानगी मिळाल्यावर मी पुढच्या पुस्तकांतही न विचारता नावं देतच राहिले, आणि त्यातलं पहिलं अख्खं पुस्तक काकांना तपासायला दिलं. काका आठवडाभर पानांत बोटं खुपसून बसले. लाल पेन्सिल तशीच टोकदार. मग एका सकाळी माझ्या टेबलाशी आले, चेहरा पडलेला.

"शुभांगी, एकही संदर्भ चुकलेला नाही."

"मग चांगलंय ना, काका!"

"चांगलं कसलं! इतक्या वर्षांत असं झालेलं नाही. एकही चूक नाही म्हणजे काहीतरी मोठं चुकलंय!"

आणि पुस्तक बगलेत मारून परत पहिल्या पानापासून तपासायला बसले.

* * *

एकदा सर फार खूश झाले, कारण माझी फजिती झाली. पॅकिंग मशीनच्या मॅन्युअलमध्ये ३.२ मध्ये लिहिलं होतं, पट्टा बसवण्यासाठी ५.१ पाहा. ५.१ मध्ये लिहिलं होतं, पट्टा बसवण्यासाठी ३.२ पाहा. दोन्ही आकडे बिनचूक! लिहून देणाऱ्या इंजिनियरनेच पट्टा कसा बसवायचा ते कुठेही लिहिलं नव्हतं.

गिऱ्हाईक फोनवर रडवेलं झालं होतं. "मॅडम, सकाळपासून इकडून तिकडे अन् तिकडून इकडे. मला कुठेतरी थांबवा!"

सर दिवसभर शीळ घालत फिरले. जो येईल त्याला सांगायचे, "बघा, ऑटोमॅटिकचा परिणाम!" अहो, बैल वाट बरोबर चालला, गाडीत माल कुणी भरला नाही, तर दोष बैलाला?

* * *

आणि मग कामणचं प्रकरण.

कामणच्या एका कारखान्यात सूत रंगवायचं नवं मशीन येणार होतं. मोठं बंद पिंप, आत उकळतं पाणी आणि वाफेचा दाब. त्याचं मॅन्युअल आमच्याकडे आलं. फिलूचा धाकटा भाऊ पास्कू नुकताच त्या कारखान्यात लागला होता आणि हेच मशीन त्याला चालवायचं होतं. त्यामुळे फिलूने ते काम मागून घेतलं. प्रत्येक विभागाला नाव दिलं, स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं.

त्यात सगळ्यात महत्त्वाची एक ओळ होती, चौकटीत: "झाकण उघडण्यापूर्वी विभाग ६.२ मधील कृती न चुकता करा." आणि ६.२ मध्ये होतं, की व्हॉल्व्ह उघडून सगळी वाफ सोडा, काटा शून्यावर येऊ द्या. न सोडता झाकण उघडलं तर सगळं तोंडावर!

पुस्तक तयार झालं. सरांनी फाइल उघडली. कॉम्प्युटरने टाकलेल्या आकड्यांमागे स्क्रीनवर करडी छटा दिसते, आपोआप आलेत हे कळावं म्हणून. सर म्हणाले, "हे डाग कसले?"

"सर, ते फक्त स्क्रीनवर दिसतात. छापताना येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी फिलू गावात चर्चच्या सणाला गेली होती आणि मी तापाने घरी. सरांनी बसून एकूण एक डाग काढला. म्हणजे प्रत्येक आकडा पुसून तोच हाताने टाइप केला. "स्वच्छ केलं सगळं!" त्याच संध्याकाळी मशीनवाल्या कंपनीच्या चेअरमनचं मनोगत आलं. चेअरमन बिननंबरी कसे चालतील? सरांनी त्यांना विभाग १ केलं. बाकी सगळे विभाग एकेक पुढे सरकले. हाताने टाइप केलेले आकडे कशाला सरकतायत! आणि काकांना न दाखवताच पुस्तक छापायला गेलं.

बांधून आलेली प्रत फिलूने उघडली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. चौकटीत तसंच होतं: विभाग ६.२. पण वाफ सोडण्याचा विभाग आता ७.२ झाला होता. आणि ६.२ मध्ये आलं होतं: "मशीनचा बाहेरचा भाग ओल्या फडक्याने पुसून घ्या."

आम्ही दोघी सरांकडे गेलो. "सर, दुरुस्तीची पट्टी छापूया. प्रत्येक प्रतीत चिकटवू. आम्ही चिकटवतो."

"एक आकडा इकडचा तिकडे झाला तर काय आभाळ कोसळतं का? आणि पट्टी चिकटवली तर कंपनीला कळेल ना, चूक झाली म्हणून! ऑपरेटर लोक पुस्तक वाचतात कुठे?"

फिलू म्हणाली, "माजा भाऊ वाचतो, सर."

"मग त्याला घरी सांग!"

"त्याला सांगते. दुसऱ्या पाळीवाल्याला कोन सांगंल?"

सरांनी फोन उचलला आणि नंबर फिरवायला लागले. म्हणजे आम्ही जायचं. मला इतका संताप आला होता, की जिना उतरताना मी रडले. फिलू रडली नाही. तिने ती प्रत पर्समध्ये टाकली.

मशीनची पूजा ठरली. सरांना आमंत्रण होतं, पुस्तक त्यांचं म्हणून. सर नवा शर्ट घालून निघाले आणि आम्हालाही घेऊन गेले. नारळ फुटला, हार चढला, पेढे वाटले. मशीन सुरू केलं. पिंप गुरगुरायला लागलं, काटा चढत चढत वर गेला. पास्कू शेजारी उभा होता, नवा निळा युनिफॉर्म, कपाळाला गुलाल.

कारखान्याचे मालक रंगात आले होते. "पेंडसेसाहेब, पुस्तक तुमचं, तर पहिलं झाकणपण तुमच्याच हातनं! पुस्तकात लिहिलंय तस्संच. फोटो काढा रे!"

सर हसत पुढे झाले. फोटोसाठी एक हात झाकणाच्या दांड्यावर ठेवला. फिलूने पर्समधून पुस्तक काढलं आणि चर्चमध्ये वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचलं, "झाकण उघडण्यापूर्वी विभाग सहा पॉइंट दोन मधील कृती न चुकता करा."

सगळे कौतुकाने बघत होते. तिने पानं उलटली. "सहा पॉइंट दोन. मशीनचा बाहेरचा भाग ओल्या फडक्याने पुसून घ्या."

पास्कूने बादलीत फडकं बुडवलं, घट्ट पिळलं आणि अदबीने सरांपुढे धरलं.

पिंपातून फुस्स असा आवाज आला. सरांचा हात दांड्यावरून उडाला. ते मागे सरकले ते थेट उरलेले हार ठेवलेल्या खुर्चीवर आदळले आणि ओरडले, "अरे आधी वाफ सोडा! वाफ! आधी वाफ!"

फिलूने त्यांच्या नव्या शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि पुस्तक पुढे धरलं.

"ते कुठल्या विभागात हाय, सर?"