फेरी पूर्ण होईपर्यंत

ताई पहिल्यापासूनच भित्री. झुरळाला भिणारे पुष्कळ असतात, ही तर झुरळं मारायला येणाऱ्या माणसालाही भ्यायची. नवरा तिला भित्री भागूबाई म्हणायचा, पण म्हणताना हसायचा, त्यामुळे ती रागवायचीही नाही. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून वाकलेल्या फ्रेमा सरळ करायची, सुटलेले स्क्रू बसवायची. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम मालकाचं होतं, ते बरंच होतं.

अशा बाईच्या गळ्यात शाळेतल्या मुलींचं गाइड पथक पडलं. तिची लेक त्या पथकात होती. आधीच्या ताई गाव सोडून गेल्या, नवी ताई कोण होणार म्हणून पालकांची बैठक झाली, आणि सगळ्या आया एकदम आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. हिला नाही म्हणायचीही भीती वाटली. पुढे लेक शिकायला दुसऱ्या गावी गेली, तरी ही दर शनिवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये हजर. दोराच्या गाठी, तंबू, जखमेवरची पट्टी, सगळं ती आधी घरी शिकायची, नवऱ्याच्या दंडाला पट्ट्या बांधबांधून. मुलींना तिच्या भीतीचा पत्ता नव्हता. आपली ताई जरा हळू बोलते, एवढंच त्यांना वाटायचं.

पथकात सगळ्यात लहान होती ती भिंग. चष्मा जाड, म्हणून मुलींनी पाडलेलं नाव. तो चष्मा सारखा वाकायचा आणि तिची आई तो दुकानात घेऊन यायची. "फार धडपडी आहे हो," आई म्हणायची. ताई फ्रेम हातात घेऊन बघायची. तोंडावर पडलं की फ्रेम नाकाशी दबते. ही दर वेळी एकाच बाजूने, कानाजवळ वळलेली असायची. ताईला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. उगाच कुणाच्या संसारात नाक कशाला खुपसा, असं मनाशी म्हणत ती दांडी सरळ करून द्यायची, आणि त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही.

पथक सुटण्याची त्यांची एक रीत होती. सगळ्यांनी गोल उभं राहून हात धरायचे. ताईने उजवीकडच्या मुलीचा हात हळूच दाबायचा, तिने पुढचीचा, असं करत फेरी ताईच्या डाव्या हाताशी परत आली की सुटी. डावीकडे कायम भिंग असायची. ती जागा तिने कधी कुणाला घेऊ दिली नव्हती.

त्या शनिवारी ताईने हात दाबला आणि वाट बघत राहिली. फेरी परत आलीच नाही.

"मी हिला दिली की," भिंगच्या शेजारची मुलगी कुजबुजली.

ताईने खाली बघितलं. भिंगचा हात गार पडला होता आणि ती दाराकडे बघत होती. दारात तिचे वडील उभे होते, बोटात किल्ल्या फिरवत. एरवी न्यायला आई यायची.

"झालं ना बेटा? चल," ते म्हणाले. आवाज अगदी गोड होता.

"फेरी व्हायचीय अजून," ताई म्हणाली, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून हात दाबला. पुन्हा फेरी भिंगपाशी येऊन थांबली. मुली आधी फिदीफिदी हसल्या, मग त्याही दाराकडे बघू लागल्या.

वडील बुटांसकट आत आले. त्यांनी दोन पावलं टाकली तशी भिंगने शेजारणीच्या हातातून हात सोडवला, चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि मान खाली घालून उभी राहिली. इतकं सवयीचं होतं ते. आता कळलं नाही असं म्हणायला जागाच उरली नव्हती.

"ताई, हा काय पोरखेळ लावलाय? सोडा तिचा हात."

"तिच्या आईला येऊ द्या."

"मी बाप आहे तिचा."

ते खरंच होतं. हा ओरडेल, तक्रार करेल, हॉल जाईल, पथक बंद पडेल, आणि एवढं करून पोर त्याच्याबरोबरच घरी जाईल, असं सगळं एकदम तिच्या डोक्यात घोंगावत होतं. तिने फक्त हात सोडला नाही.

एव्हाना इतर मुलींना न्यायला आलेली माणसं दारात जमली होती. त्यांच्यातून वाट काढत भिंगची आई आत आली, धापा टाकत. "सोडा हो ताई, जाते ती," ती म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती.

"तुम्हीही या गोलात," ताई म्हणाली. "इथे, माझ्या आणि तिच्या मधे. एकदा फेरी झाली की सगळे मोकळे."

आई मधे उभी राहिली, शेजारणीने भिंगचा हात पुन्हा धरला. ताईने हात दाबला. फेरी निघाली, भिंगपर्यंत आली, आणि या खेपेस भिंगने ती आईला दिली. आईने ताईचा हात दाबला नाही. तिने तो घट्ट पकडला, नखं रुतेपर्यंत, आणि सोडेना.

"आज या दोघी माझ्याकडे येतील," ताई म्हणाली.

"कुणाच्या परवानगीने?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. ते अगदी खरं होतं.

तो पुढे सरकला, पण दारातली माणसं आत येऊन त्याच्याभोवती उभी राहिली होती, आणि इतक्या डोळ्यांदेखत त्याला हात उगारता येईना. तेवढ्यात ताई दोघींना घेऊन निघाली. रस्ताभर ती मागे वळून बघत होती.

नवऱ्याने दार उघडलं, तिघींकडे बघितलं आणि काही न विचारता चहा टाकला. ताईने स्वतः पोलिसांना फोन केला. जरा मोठ्याने बोला, असं पलीकडून तिला पुन्हापुन्हा सांगावं लागलं. निघतोच, असं ते म्हणाले.

त्यांच्याआधी भिंगचा बाप पोचला. दारावर मूठ आपटली. "बाहेर ये. मुकाट्याने घरी चल."

भिंगची आई उठली. कोपऱ्यात काढलेल्या चपलांकडे गेली आणि त्यांत पाय सरकवू लागली. तिच्यामागोमाग भिंगही गेली आणि कुणी न सांगता खाली बसून बूट घालू लागली.

"बसा," ताई म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग तिने वाकून आईच्या पायातल्या चपला काढल्या, पोरीच्या हातातले बूट घेतले, सगळं छातीशी धरलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. पाठीमागून दार हादरत होतं. पोलीस येईपर्यंत ती तशीच उभी होती.