त्याच्या फ्लॉपीतला कोड

माझ्या घरी कॉम्प्युटर होता आणि त्याच्या घरी नव्हता, एवढ्या एका गोष्टीवर मी कॉलेजात तीन वर्षं नाक वर करून वावरलो. जळगावात वडिलांची डाळ मिल होती. मिलच्या ऑफिससाठी घेतलेला कॉम्प्युटर संध्याकाळी माझाच असायचा. तो माझ्याच वर्गातला, साक्रीकडचा, हॉस्टेलवर राहणारा. सरांसमोर कसाबसा पुस्तकी मराठीत बोलायचा, आमच्यात आला की सुटायचा अहिराणीत. आणि तरीही लॅबमध्ये काही अडलं की सर हाक त्यालाच मारायचे. माझ्या पोटात दुखायचं ते इथे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेवटच्या वर्षी सरांनी कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली एक सीडी आणली. तिच्यात ग्रंथालयासाठीचा एक प्रोग्राम होता, फुकट आणि मूळ कोडसकट. लॅबमधल्या जुन्या युनिक्स मशीनवर तो कंपाइल करून, म्हणजे त्या मशीनला कळेल अशा रूपात आणून, चालवायचा होता. "जो चालवून दाखवेल त्याला पुण्यातल्या माझ्या मित्राच्या कंपनीसाठी शिफारशीची चिठ्ठी देतो," सर म्हणाले. चिठ्ठी एकच. मला ती हवी होती, आणि त्याहून जास्त, ती त्याला मिळायला नको होती.

घरच्या कॉम्प्युटरवर कोड एका दमात कंपाइल झाला. मी लगेच सरांना सांगून मोकळा झालो, आणि लॅबमध्ये तोंडघशी पडलो. तिथला कंपायलर इतका जुना की नव्या पद्धतीने लिहिलेलं फंक्शन त्याला ओळखूच येईना. पडदाभर चुका. एकदा कंपाइल व्हायला अर्धा तास लागायचा, आणि मशीनवर प्रत्येकाची पाळी आठवड्यातून दोनदाच. म्हणून वर्गाची रीत ठरलेली होती: एका फेरीत दिसतील तेवढ्या सगळ्या चुका दुरुस्त करून टाकायच्या. मीही तेच केलं. जिथे चूक दाखवली तिथे कुठे सेमीकोलन टाकला, कुठे कंस उडवला. पुढच्या पाळीला चुका दुप्पट झाल्या.

तो मात्र एकच जागा दुरुस्त करायचा, पुन्हा कंपाइल लावायचा आणि हाताची घडी घालून बसायचा. कुणी पाळी सोडली तर ती मागून घ्यायचा. मी त्याला चिडवलं, "अशाने तुझं दिवाळीपर्यंत होईल."

"पहिली चूक तेवढी खरी शे, भाऊ," तो म्हणाला. "बाकी बठ्ठ्या तिना मांगे उन्यात."

बाकी सगळ्या तिच्यामागून आलेल्या, हे लहान पोराला समजवावं तशा आवाजात. माझा नुसता जळफळाट झाला. वाईट म्हणजे त्याचं खरं निघत होतं. दर पाळीला त्याच्या चुका कमी होत होत्या.

एका शनिवारी तो गावची बस पकडायला घाईने निघाला आणि फ्लॉपी मशीनमध्येच विसरला. धावत जाऊन देता आली असती. मी दार लोटून घेतलं आणि तिच्यातला सगळा कोड माझ्या डिरेक्टरीत उतरवला. कंपाइल लावला. अर्ध्या तासात एकही चूक आली नाही. प्रोग्राम सुरू झाला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच वाटलं, की हा पठ्ठ्या हे सगळं करून बसला होता आणि कुणाला बोललाही नव्हता.

सोमवारी मी सरांना प्रोग्राम चालवून दाखवला. तोही मागे येऊन उभा राहिला. सरांनी कोड उघडला आणि एका हेडर फाइलवर, म्हणजे बाकीच्या फाइली जी आधी वाचून घेतात तिच्यावर, थांबले. "कंपायलर चूक दाखवत होता दुसऱ्याच फाइलमध्ये. मग तू हात इथे का लावलास?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"सर, कंपायलर पुढच्या फाइलवर अडतो, पण घोळ या हेडरमध्येच असतो," मागून आवाज आला. "आम्ही दोघांनी मिळून शोधलं ते."

जिन्यात मी त्याच्यावरच डाफरलो. "तुझे उपकार मागितले होते का मी?"

"तुले ती चिठ्ठी मनापेक्षा जास्त जोयजे शे, असं वाटनं," तो म्हणाला. चिठ्ठीची गरज त्याच्यापेक्षा मला जास्त, एवढंच; फ्लॉपीबद्दल अवाक्षर नाही. त्याने मला एक सणसणीत शिवी घातली असती तर मी त्याला माफ केलं असतं.

दोघांनी मिळून केलं म्हणून सरांनी दोघांनाही एकेक चिठ्ठी दिली. मी हट्टाने त्याची मागून घेऊन वाचली. हा मुलगा चूक मुळापासून शोधल्याशिवाय पुढे सरकत नाही, असं तिच्यात होतं. माझ्या चिठ्ठीत होतं: स्वभावाने मनमिळाऊ, सोबत्यांबरोबर मिळून काम करतो. सरांना किती कळलं होतं, कोण जाणे. रागाच्या भरात मी माझी फाडायला घेतली. फाडली नाही. पुण्याला तीच पाठवली. माझ्याकडे दुसरी नव्हती.