जहाजाची बस की आपली गाडी

माझा सगळा जन्म लोकांना कंपनीच्या बसमधून उतरवण्यात गेला. म्हणजे कुणाचं बखोट धरून कधी खाली ओढलं नाही. पण वेरूळच्या लेण्यांवर बत्तीस वर्षं गाईड म्हणून उभा राहिलो, आणि हॉटेलच्या लॉबीत भेटलेल्या प्रत्येक पाहुण्याला पहिलं वाक्य हेच ऐकवलं, की साहेब, बसनं गेलात तर कैलास लेणं चाळीस मिनिटांत उरकतात. त्यातली दहा मिनिटं माणसं मोजण्यात जातात आणि दहा हरवलेल्या काकूंना शोधण्यात. माझ्याबरोबर चला. गाडी आपली, वेळ आपला.

हे इतकं तोंडात बसलं होतं की मुलीच्या लग्नाच्या बोलणीतही मी व्याह्यांना "सावकाश होऊ द्या, वेळ आपला आहे" म्हणून गेलो. ते रात्रीचं जेवूनच उठले.

त्याच मुलीनं आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून आम्हा दोघांना जहाजाच्या सहलीची तिकिटं काढून दिली. सिंगापूरहून निघायचं, चार रात्री समुद्रावर, आणि मध्ये एक दिवस पेनांगला. बाकीचे दिवस जहाजावर खायचं आणि झोपायचं, त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न होता त्या जमिनीवरच्या एका दिवसाचा. जहाजवाल्यांनी आखलेली सहल घ्यायची, म्हणजे बस, झेंडी, माइक आणि चाळीस माणसं. की तिथला एखादा गाईड गाडीसकट आपण परस्पर ठरवायचा?

मुलीनं फोनवर निकाल देऊन टाकला. "बाबा, जहाजाचीच घ्या. त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही तुमचे गेलात आणि उशीर झाला, तर जहाज निघून जातं. मग पेनांगहून मला फोन करायचा नाही."

मी हसलो. मी, आणि बसमध्ये? हलवायानं शेजारच्या दुकानातून जिलबी आणायची?

घरात मात्र बायको मेथी निवडता निवडता म्हणाली, "बसच घ्या."

"का? जहाज थांबतं म्हणून?"

"जहाजाचं जहाज बघून घेईल. मला एक दिवस पायजे तुमच्यासंगं. अख्खा, सकाळपासून सांजपर्यंत. गाईड नको, तुमी."

आमच्या शहरात पाहुण्यांचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. जगातले नवरे ज्या सुट्ट्यांत बायकोला घेऊन फिरतात, त्या सगळ्या सुट्ट्यांत मी परक्यांच्या बायकांना सावलीतून चालायला सांगत असतो. पस्तीस वर्षांत आम्ही दोघं मिळून कुठं गेलो, तर लग्नं, बारशी आणि दवाखाना. ती वेरूळला माझ्याबरोबर दोनदा आली, दोन्ही वेळा एखाद्या ग्रुपच्या शेपटाला. एकदा तर बोलण्याच्या भरात मी तिलाच विचारलं, "मॅडम, आपण कुठून आलात?"

"मुकुंदवाडीहून. तुमच्याच घरून," ती म्हणाली. ग्रुप हसला. ती हसली नाही.

तेव्हा तिचं मागणं रास्त होतं. पण मी म्हणालो, अगं, मग तर गाडीच घ्यायला पाहिजे. गाडीत आपण दोघंच!

"दोघं कशे? गाडीत त्यो गाईड असणार. त्यो आन् तुमी भेटले की मी मागं एकटी. बसमधी शेजारीशेजारी दोन शिटा असतात. माइक दुसऱ्याच्या हातात. तुमाला कुणी काही इचारणार नाय."

कारण एकच, आणि निकाल दोन. पंधरा दिवस आमच्याकडे भाजीपेक्षा हाच विषय जास्त शिजला. शेवटी मी औरंगपुऱ्यातल्या तिकीटवाल्याकडे गेलो. बांगड्यांच्या दुकानावर त्याचं एवढंसं ऑफिस आहे. त्यानं जहाज फक्त कॅलेंडरवर पाहिलंय, पण बोलला असा की जणू आताच वल्हं खाली ठेवून आलाय. "काका, समुद्राशी खेळ नको. बस घ्या."

मग मी माझं हुकमी पान काढलं. माझ्या पाहुण्यांना पंचवीस वर्षं ज्याच्या गाडीतून नेलं तो माझा दोस्त. जुन्या शहरात राहतो, त्याच्यापुढं कुणी कंपनीच्या बसचं नाव काढलं तरी थुंकायला उठतो. चहा पाजून त्याला घरी बसवला आणि बायकोसमोर विचारलं.

"बस लेव, भाई," तो म्हणाला.

"तू बोल रहा है ये?"

"हौ, मैंच बोल रहा हूँ. अपन कितने लोगां का टाइम खाए, याद है ना? वो बुड्ढा जोड़ा, दिल्ली के प्लेन का? पाच मिनटं म्हणून दुकानात नेलं, आन् प्लेन गेलं ना उडून." मग बायकोकडे वळून, "भाभी, प्लेन दुसरा मिलता. जहाज नक्को छोडो."

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमच्याकडे लेणी बघून झाली की प्रत्येक गाडी परतताना पैठणी-हिमरूच्या दुकानाशी थांबते. "फक्त पाच मिनिटं, साहेब. माग बघायला पैसे पडत नाहीत." आत कारागीर मागावर बसलेला असतो, चहा येतो, घड्या उलगडल्या जातात, आणि पाच मिनिटांचा तास होतो. पाहुण्यानं काही घेतलं तर आम्हालाही चार घास मिळतात. यात फसवणूक नाही, माल चोख असतो. फक्त वेळ आपला नसतो.

दोस्तच उलटल्यावर माझं डोकं फिरलं. म्हटलं, बत्तीस वर्षं या युक्त्या केल्या त्या मला कळणार नाहीत? मला कोण अडकवणार? आणि त्याच तिरीमिरीत मी पेनांगचा एक गाईड गाडीसह ठरवून टाकला.

बायको म्हणाली, "बरं."

तिच्या "बरं"चा अर्थ मला नेहमी कळतो. फक्त दर वेळी थोडा उशिरा.

पेनांगला जहाजातून उतरलो तर गाईड हातात पाटी घेऊन उभा. माझ्याच वयाचा, मूळचा तमिळ, मिशी पांढरी, काखेत छत्री, आणि बोलणं सिनेमातून शिकलेल्या हिंदीत. दोन मिनिटांच्या आत मी त्याला सांगून बसलो की मीही याच धंद्यातला. त्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. त्यानं लगबगीनं गाडीचं पुढचं दार उघडलं. आणि मी बसलो. पुढं. बायको मागं, दोन पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्यांसोबत.

हे मी मुद्दाम केलं नाही. दार उघडलं गेलं आणि पाय आत गेला. पण एकदा गेला तो दिवसभर तिथंच राहिला. पाहुणे कुठले चांगले, कुठले किरकिरे. पायऱ्यांनी गुडघ्यांचं काय होतं. एकच गोष्ट हजारदा सांगताना जांभई कशी गिळायची. दहा वाजेपर्यंत आम्ही सख्खे भाऊ झालो होतो. टेकडीवरच्या मोठ्या देवळाशी त्यानं आम्हाला पायऱ्यांचा आकडा सांगितला, तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, आकडा कधी सांगू नये, माणूस खचतो. "हे काय, आलंच" एवढंच म्हणावं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. बायको तोवर पुढं चढत होती. तिनं वळून दोनदा बघितलं. मला ते दिसलं. दिसूनही मी बोलत राहिलो, याची मला आज लाज वाटते.

अडीचच्या सुमाराला परतीची वाट धरली. साडेचारला जहाजावर हजर व्हायचं होतं आणि बंदर तासाभराच्या अंतरावर. तेवढ्यात गाडी हळू झाली आणि गाईड म्हणाला, "सिर्फ पाँच मिनट, सर. देखने का पैसा नहीं."

माझा ऊर भरून आला. तीन हजार किलोमीटरवर, समुद्रापलीकडे, माझंच वाक्य!

बाटिकच्या कापडांचं दुकान होतं. शहाण्या माणसानं म्हटलं असतं, नको बाबा, बंदर गाठ. पण आमच्या गाईड लोकांत एक रीत आहे, दुसऱ्याचं दुकान मोडायचं नाही. आपण तिथं असलो आणि दुसऱ्याचं गिऱ्हाईक घेऊ की नको करत असलं, तर जाता जाता एक चांगला शब्द टाकायचा. उद्या तोही आपल्यासाठी टाकतो. हा गाईड माझ्यासाठी वेरूळला येऊन काय शब्द टाकणार होता? पण सवय हिशेब करत नाही.

मी आत गेलो. आमच्याच जहाजावरचं एक गुजराती जोडपं टेबलावरच्या कापडापाशी घुटमळत होतं. मी पुढं झालो. मेण गरम कसं करतात, रेघ कशी ओढतात, रंग का उतरत नाही, सगळं समजावून सांगितलं. ही माहिती मला तीन मिनिटांपूर्वी त्याच दुकानात मिळाली होती. त्यांनी दोन कापडं घेतली. दुकानदारानं मला चहा दिला. मग दोन गोऱ्या बायका आल्या. त्यांना मी नक्षीतला मोर दाखवून त्याचा अर्थही सांगितला. तो मोर होता की कोंबडा, देव जाणे. त्यांनी तीन घेतली. माझा गाईड कोपऱ्यातून माझ्याकडे असा बघत होता की आता पाया पडतो की काय. मी रंगात आलो होतो. "कसं काय?" असं बायकोला विचारायला वळलो, तर बायको नव्हती.

घड्याळात साडेतीन. कापडांच्या मागं पाहिलं, मेणाच्या चुलीशी पाहिलं, बायकांच्या बाथरूमच्या दाराशी उभं राहून हाक मारली. उत्तर नाही. जहाज तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं. तिला इंग्रजी येत नाही, तिच्याकडे फोन नाही, आणि ती कधीपासून नाही हे मला सांगता येईना. तेवढं मात्र मला लख्ख कळलं.

बाहेर धावलो. आमची गाडी रिकामी. आणि तिच्या शेजारी, इंजिन चालू असलेली, जहाजाची बस!

बरोबरच आहे. आमच्याकडेही बस आणि गाडी सकाळभर एकमेकींना नावं ठेवतात आणि दुपारी एकाच दुकानाच्या दारात भेटतात. बसच्या चौथ्या खिडकीत माझी बायको बसली होती. शेजारच्या सीटवर तिची पर्स.

दारात झेंडीवाली बाई उभी होती. तिनं सांगितलं की एका जोडप्याला ऊन लागलं म्हणून ते आधीच जहाजावर परतलेत, त्यांच्या दोन जागा रिकाम्या आहेत. तुमच्या पत्नीनं जहाजाचं कार्ड दाखवलं, मग सीट दाखवली, मग दुकानात हातवारे करणाऱ्या तुमच्याकडे बोट दाखवलं. मला सगळं समजलं, बाई म्हणाली. आम्ही दोन मिनिटांत निघतोय.

मी खिडकीशी गेलो. "अगं, आपली गाडी आहे! दिवसभराची ठरवलेली!"

"मग या तुमी गाडीनं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "हाक मारणार व्हते. पण तुमचं लई रंगात आलं व्हतं. सकाळी नऊपासून मागं एकटी बसले. म्हनलं, आता जरा खिडकीत बसावं. बाजूची जागा धरलीय. तिघं जण येऊन इचारून गेले. त्यांना हातानंच सांगितलं, माणूस यायचाय."

इतक्यात माझा गाईड हसत दुकानातून बाहेर आला आणि त्यानं गाडीचं पुढचं दार उघडून धरलं.

मी त्याच्यापाशी गेलो, दोन्ही हात हातात घेतले आणि खिडकीकडे बोट दाखवलं. त्यानं बघितलं. दार हळूच लावून घेतलं. "मेरा वाइफ भी ऐसा ही बोलती," तो म्हणाला, "संडे को."

मी बसमध्ये चढलो. पर्स उचलून मांडीवर घेतली आणि बसलो. चाळीस माणसांतला एक. झेंडीवालीनं माणसं मोजली, दोनदा, आणि दोन्ही वेळा मी मोजला गेलो. मग माइकवरून शहराचा इतिहास सुरू झाला. तिचं सांगणं सपक होतं, विनोद चुकीच्या जागी येत होते. मी दात आवळून धरले.

पुढं रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. चार वाजले, साडेचार वाजले. बस जागची हलेना. कुणी घाबरलं नाही, कारण जहाज थांबणार होतं. माइकवालीही दमून गप्प झाली. खिडकीबाहेर एकच एक झाड, भलं मोठं, फांद्यांवर शेंगांसारखं काहीतरी लटकलेलं. कितीतरी वेळ तेच झाड.

"हे कशाचं झाड हो?" बायकोनं विचारलं.

माझं तोंड उघडलं होतं. बत्तीस वर्षांत मी एकाही पाहुण्याला उत्तराशिवाय परत पाठवलेलं नाही. जे माहीत नव्हतं ते जागच्या जागी घडवलं. याही झाडासाठी एक सुलतान, एक राणी आणि एक शाप माझ्या जिभेवर तयार होता.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

ती खिडकीतून वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. "मलाबी नाय," ती म्हणाली, आणि मलाही झाड नीट दिसावं म्हणून जरा मागं सरकून बसली.