गुरुवारच्या खिचडीचं मीठ

आधी चहा संपवा, आणि बिस्किट तोंडात असताना हसू नका, ठसका लागेल. मी स्वतःची जी फजिती करून घेतली, ती आमच्या गावात आता पोराटोरांना पाठ आहे. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो. तसंही मीठ या किश्शात आधीच भरपूर आहे.

मी मूळचा लातूरकडचा. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. राहायला कुरुळीच्या पुढच्या एका गावात, आणि माझी ओवी तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला. पालकांच्या सभेत मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, शाळा व्यवस्थापन समितीत एक पालक कमी पडतोय. बाकीचे पालक एकदम चपला शोधायला लागले. मी हात वर केला.

केला तो केला, वर भाषणही ठोकलं. म्हटलं, कंपनीत माझ्या सहीशिवाय एक पार्ट गेटबाहेर जात नाही, तशीच नजर मी शाळेवर ठेवीन. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात ओवीच्या.

मॅडमनी लगेच काम दिलं. शाळेची खिचडी मुलांना वाढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने चाखायची असते. रोज एका पालकाची पाळी. आमच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून गुरुवार माझा. मी म्हटलं, आनंदाने.

आता घोळ बघा. मी पर्मनंट व्हावं म्हणून बायकोने नवस बोलला होता. नवस तिचा, पण गुरुवारचे उपास माझे. का, तर पर्मनंट मी होणार होतो ना. झालोही. त्यामुळे गुरुवारी दिवेलागणीपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. हे सभेत आठवायला नको का? आठवलं कधी, तर पहिल्या गुरुवारी, मंदाकाकूंनी खिचडीची वाफाळती ताटली माझ्या हातात ठेवली तेव्हा.

मंदाकाकू म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. जुन्या गावातल्या. कुठल्या पोराला वाटाणे नको असतात, कोण लाजून दुसऱ्यांदा मागत नाही, सगळं त्यांना ठाऊक. या कामावर त्यांचा फार जीव.

तर हातात ताटली, समोर मॅडम, मागे पोरांची रांग. सभेत एवढी फुशारकी मारलेला माणूस आता कोणत्या तोंडाने म्हणणार, की मला चाखता येत नाही? मी म्हटलं, जरा हवेला गार करतो. आणि स्वयंपाकघराच्या मागे गेलो. तिथे शाळेचं काळं कुत्रं बसलं होतं. त्याने दोन घासांत ताटली चाटून पुसून दिली. मी रुमालाने तोंड पुसत आत आलो आणि म्हणालो, एकदम बरोबर जमलंय. काकूंचा चेहरा असा खुलला की मलाच बरं वाटलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज हा किस्सा नसता. पण मी पडलो क्वालिटीचा माणूस. जो इन्स्पेक्टर कायम सगळं ओके म्हणतो, तो माल बघतच नाही, असं आमच्याकडे मानतात. संशय नको म्हणून दुसऱ्या गुरुवारी मी कपाळाला आठ्या घालून म्हणालो, मीठ जरा कमी वाटतंय. काकूंनी बिचाऱ्यांनी मूठभर मीठ टाकलं. पुढच्या खेपेला म्हणालो, तिखट जरा पुढे गेलंय. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. मग कधी हळद कमी, कधी तांदूळ कच्चा. कच्चा म्हटलं त्या दिवशी त्यांनी खिचडी पुन्हा गॅसवर चढवली, तिचा असा गिलावा झाला की भिंतीला लावावा. आणि हे सगळं कुणाच्या भरवशावर, तर एका कुत्र्याच्या.

पोरं गुरुवारी जेवेनात. ताटं तशीच परत यायला लागली. मग पोरं मधल्या सुट्टीत घरी पळायची, ती परत येईनातच. गुरुवारी दुपारी वर्ग अर्धे रिकामे. ही बातमी तालुक्याला पोचली आणि पंचायत समितीचे विस्तार अधिकारी साहेब चौकशीला आले. समितीची बैठक बसली.

बैठकीत ग्रामपंचायतीचे एक सदस्य होते. त्यांचं म्हणणं, खिचडी करणारी बाईच बदलू, दुसरा बचत गट तयार आहे. मंदाकाकू दाराशी उभ्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, थांबा, असं एकदम नको, आधी कारण शोधू. आणि खडू घेऊन फळ्याकडे गेलो. कंपनीत दोष सापडला की आम्ही पाच वेळा 'का' विचारतो. पाचव्या 'का'ला चोर सापडतोच. पोरं परत का येत नाहीत? जेवत नाहीत म्हणून. का जेवत नाहीत? चव बिघडते म्हणून. गुरुवारीच का बिघडते? इथे सगळे काकूंकडे बघायला लागले.

काकू सरळपणे म्हणाल्या, "गुरुवारची चव भाऊ बघत्यात. ते सांगत्यात तसंच मी करते. मीठ कमी म्हणले का घालते, तिखट म्हणले का पाणी वतते."

खडू माझ्या हातात, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. राव, त्या क्षणी खरं बोलायला काय झालं होतं? पण मी म्हणालो, मी फक्त चव सांगतो, दुरुस्ती करताना काकूंचा हात जड पडत असेल. हे वाक्य बोललो आणि मलाच माझी लाज वाटली. काकूंनी मान खाली घातली.

साहेब शांत माणूस. त्यांनी सांगितलं, पुढच्या गुरुवारी मी स्वतः येतो. काकू आपल्या हाताने करतील तशी खिचडी, वरून काही घालायचं नाही. हे भाऊ सगळ्यांसमोर चाखतील, मग मी चाखेन, आणि काकूंचं काय करायचं ते तिथेच ठरवू.

तो आठवडा कसा गेला म्हणून सांगू! लाईनवर चांगले पार्ट खराब म्हणून बाजूला काढत होतो आणि सुपरवायझर पाहत होता. शेवटी मनाशी ठरवलं, उपास मोडायचा. देवाशी मी नंतर बोलेन, बायकोशी त्याच्याही नंतर बोलेन, पण काकूंचं काम जाता कामा नये.

गुरुवार उजाडला. ओसरीवर साहेब, मॅडम, ते सदस्य, समोर सगळी शाळा ताटं घेऊन बसलेली. काकूंनी ताटली दिली. मी चमचा भरला, डोळे मिटले, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि चमचा तोंडाजवळ नेला.

तेवढ्यात तिसरीच्या रांगेतून ओवी ओरडली, "पप्पा, खाऊ नका, आज तुमचा उपास आहे!"

मी तसाच थिजलो. साहेबांनी ओवीला जवळ बोलावून विचारलं, बाळा, मग दर गुरुवारी पप्पा काय करतात? आमची ओवी खरं बोलणारी मुलगी, तसं वळणच आम्ही लावलंय. ती म्हणाली, "मागच्या बाजूला काळूला देतात. पण आता काळूपण खात नाही, गुरुवारी तो समोरच्या हॉटेलात जातो."

सगळी शाळा खो खो हसली. म्हणजे पहिलीपासून सातवीपर्यंत प्रत्येक पोराला माहीत होतं, नव्हतं फक्त समितीला. कारण समितीने पोरांना कधी विचारलंच नव्हतं.

मी हात जोडले आणि सगळं कबूल केलं. साहेबांनी खिचडी चाखली, मग बसून ताटभर खाल्ली. ते सदस्य दोनदा मागून जेवले. दुसऱ्या बचत गटाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

काकू मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. "तरीच," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं माझ्या हाताची चवच गेली. घरी सुनंला चार चार डाव चाखाया लावायची मी." खरं सांगतो, त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी त्यांच्या पाया पडलो, तेव्हा कुठे त्या हसल्या.

आता चव मॅडम बघतात, आणि मीठ-तिखटाचा शेवटचा शब्द चौथीच्या मुलींचा. मी गुरुवारी वाढायला जातो. गेल्याच्या गेल्या गुरुवारी पंगत उठल्यावर काकूंनी झाकून ठेवलेली एक ताटली पुढे केली. साबुदाण्याची खिचडी. वर दाण्याचं कूट, बाजूला लिंबाची फोड. म्हणाल्या, "आमच्या सगळ्या पोरांस्नी वाढता, तुमीच उपाशी ऱ्हाता. दिवे लागल्यावर घरी जाऊन सोडा उपास. पर आदी एक घास खाऊन सांगा, उपासाचंच हाय."

माझा उपास तसा कडक, पण त्या मायेपुढे काय नाही म्हणणार? डोळे भरून आले राव. मी पहिला घास घेतला आणि मनापासून म्हणालो, "काकू, एक नंबर. मीठसुद्धा अगदी बरोबर."

काकू मॅडमकडे वळल्या. "बगा मॅडम," त्या म्हणाल्या, "मीठ म्या घातलंच न्हाई."

कंपनीत अजूनही माझ्या सहीशिवाय एक पार्ट गेटबाहेर जात नाही. तुमची गाडी चाकणची असेल, तर जरा बेतानेच चालवा.