गोड शेवटाचे सिनेमे आणि दादाची बोट

विज्ञानकथेच्या सिनेमात कोणी रडायला लागलं की माझं टाळकं फिरतं. यान पेटलंय, प्राणवायू अर्ध्या तासाचा उरलाय, आणि नायक काय करतो, तर बायकोचा फोटो खिशातून काढून बघत बसतो. अरे, आधी झडप बंद कर! मी रत्नागिरीत ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि महिन्यातल्या एका रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये असे सिनेमे दाखवून त्यांच्यावर बोलतो. तीसेक माणसं येतात. त्यातली निम्मी पंख्याखाली बसायला येतात हे मला ठाऊक आहे, तरी बोलताना मी कोणाची भीड ठेवत नाही. विश्व अफाट आहे, थंड आहे आणि त्याला आपलं काहीही पडलेलं नाही, हे ज्याला कळलं तो दिग्दर्शक खरा, बाकीचे सगळे हलवाई, असं मी दर वेळी सांगतो. म्हणजे सांगायचो.

माझा थोरला भाऊ खाडीकाठच्या नाटे गावात राहतो. मासेमारीची बोट आहे त्याची, आणि तांडेलही तोच, म्हणजे समुद्रावर त्याचा शब्द चालतो. त्याला सिनेमाचं काही नाही, पण वहिनीला भारी नाद. गेल्या शिमग्याला गेलो होतो तेव्हा लॅपटॉपवर तिला दोन सिनेमे दाखवले. पहिल्यात एका माणसाचं यान भरकटतं, त्याची बायको रोज संध्याकाळी पृथ्वीवरून माइकमध्ये त्याच्याशी घरातलं काहीबाही बोलते आणि अकरा वर्षांनी पलीकडून उत्तर येतं. वहिनी पदराने डोळे टिपायला लागली.

"वहिनी, अकरा वर्षं त्याने खाल्लं काय?" मी विचारलं.

"तुमी गप ऱ्हावा. खाल्लान असंल कायतरी."

दुसरा माझ्या आवडीचा. त्यातही यान हरवतं. नियंत्रण कक्षातली अधिकारी बाई नेमून दिलेला वेळ वाट बघते, मग कानावरचा हेडफोन काढते, वहीतल्या नावावर रेघ मारते आणि चहा घेते. संपला सिनेमा. हॉलमध्ये हा दाखवला तेव्हा मी पाऊण तास बोललो होतो.

"चाय पिली?" वहिनी म्हणाली. "मग ती त्याची कोण नव्हती."

तोच तर मुद्दा आहे, असं मी तिला समजावायला लागलो. ती "बरा" म्हणाली आणि भात उतरवायला गेली.

यंदा दिवाळीला मी नाट्याला होतो. भाऊबीज झाली, दादा तीन खलाशी घेऊन बाहेर पडला आणि दुसऱ्याच दिवशी वादळाचा इशारा आला. एकेक करत सगळ्या बोटी खाडीत शिरल्या. दादाची आली नाही.

बोटमालकांच्या घरी वायरलेस असतो. अंगणात उंच लोखंडी खांबावर अँटेना (खाडीतल्या बोटींना पोचत नाही तो लांबचा आवाजही त्यावर येतो), पडवीत फळीवर डबा आणि डब्याखाली गाडीची बॅटरी. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच हे आमच्या घरचे टाईम. त्या वेळेला दादा बोलतो, एरवी बॅटरी वाचवतो. इशारा आला त्या सकाळी सातला तो बोलला होता. इंजिन बंद पडलंय, नांगर टाकलाय, दुपारपर्यंत चालू करतंव, घाबरू नको. पाचला तो बोलला नाही. मग वारा सुटला. लाईट गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले. बंदरावर कळवलेलं होतं, पण त्या वाऱ्यात शोधाला बोट कोण काढणार? वाडीतली म्हातारी माणसं देवळात जाऊन गाऱ्हाणं घालून आली. वहिनी रात्रभर डब्यापाशीच होती. सकाळी सातला तिने हाका मारल्या, दहा मिनिटं थांबून परत मारल्या. नुसती खरखर.

दुपारी एकच्या सुमारास डब्यावरचा दिवा मंद व्हायला लागला. लाईट गेल्यापासून बॅटरी चार्ज झाली नव्हती. वहिनी उठली, डोक्यावरून पोतं घेतलं.

"वरल्या वाडीत रिक्षावाला हाय, त्याची बॅटरी मागून आणतंय. भावजी, तुमी हय बसा. बोलू नका, बोलायला ती खाते. नुसता ऐका. आणि बटणाला हात लावू नका."

"नाही लावत," मी म्हणालो.

ती गेली. पावसाची झड पडवीत येत होती, म्हणून मी डब्यावर गोणपाट धरून बसलो. अधूनमधून माणसांचे आवाज येत. खाडीत आसऱ्याला उभ्या असलेल्या बोटींवरचे लोक एकमेकांशी बोलत होते. कोणाचा दोर तुटला, कोणाकडे तांदूळ संपला. मी प्रत्येक आवाजात दादाचा आवाज शोधत होतो. त्याचा आवाज घोगरा, ओळखायला सोपा. अर्धा तास असा गेला. तहान लागली होती, पण पाणी प्यायला उठायचीही भीती वाटत होती.

मग एक अनोळखी आवाज आला. "निळा पिंप गावला. किनाऱ्याला लागलाय. दोन लाल पट्टे."

आमच्याकडे प्रत्येक बोटवाला आपल्या पिंपांवर, जाळ्याच्या तरंगत्या बोयांवर आपली खूण रंगवतो, म्हणजे वाहून गेलेलं सामान ज्याचं त्याला परत मिळतं. दोन लाल पट्टे ही आमची खूण. मे महिन्यात बोट वर ओढली तेव्हा त्यातली चार पिंपं मीच रंगवली होती, आणि पट्टे वाकडे आले म्हणून दादाने माझं "मेल्या, प्रोफेसर ना रे तू?" म्हणून वाडीभर हसं करून सोडलं होतं.

दुसऱ्या कोणीतरी विचारलं, "आणखी काय हाय तेच्याबरोबर?"

उत्तर यायच्या आत मी बटण बंद केलं.

पडवीत एकदम शांतता झाली. पावसाचा आवाज होता, पण तो शांततेसारखाच वाटला. घड्याळात पावणेदोन झाले होते. बॅटरी वाचेल, पाचच्या टाईमला परत लावू, असं मी मनाशी म्हटलं. ते अगदीच खोटं नव्हतं. मग वहिनी आल्यावर तिला काय सांगायचं याची जुळवाजुळव करू लागलो. आडपडदा ठेवायचा नाही. खोटी आशा दाखवायची नाही. पिंप मिळालं म्हणजे बोट फुटली, बोट फुटली म्हणजे त्या लाटांत माणूस राहत नाही. एकामागोमाग एक वाक्यं सुचत होती, हॉलमध्ये बोलताना सुचतात तशी. लाज वाटते, पण लिहितो. क्षणभर मला माझा अभिमान वाटला. सगळी वाडी देवाला साकडं घालतेय आणि आपण एकटे खऱ्याकडे डोळे उघडे ठेवून बघतोय, असं काहीतरी.

खरं म्हणजे मी भ्यालो होतो. पुढचा आवाज काय सांगेल ते मला ऐकायचं नव्हतं. सगळं संपलं असं एकदा ठरवून टाकलं की वाट बघावी लागत नाही, आणि मला ती वाट बघणं झेपत नव्हतं. माझ्या कडक मतांच्या खाली एवढा भित्रा माणूस बसलाय हे मला त्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं.

वहिनी आली तेव्हा पावणेतीन झाले होते. रिक्षावाला बॅटरी खांद्यावर घेऊन मागे होता. तिने पडवीत पाय ठेवला आणि आधी दिव्याकडे बघितलं.

"कदी बंद केलात?"

मी सांगितलं. पिंपाचंही सांगितलं. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तोंडातून आलं नाही. "दोन लाल पट्टे, वहिनी," एवढंच दोनदा म्हणालो.

मला वाटलं आता ती खाली बसेल. ती बसली नाही. ओल्या हातानेच जुन्या बॅटरीचे चिमटे काढायला लागली.

"पिंप वाऱ्यानं पण उडतो," ती म्हणाली. "पिंप म्हंजे माणूस नाय. व्हा बाजूला."

रिक्षाच्या बॅटरीला आमचा चिमटा नीट बसेना. सारखा निसटायचा आणि डबा बंद पडायचा. शेवटी तो मी बोटांनी दाबून धरला. वहिनीने बटण लावलं आणि आपलाच नियम मोडून बोलायला सुरुवात केली.

"हयसर नाटे. हयसर नाटे. ऐकताव काय? हयसर नाटे."

ना आवाज चढवला, ना रडली. बाजारात भाव सांगावा तशा एका सुरात ती बोलत राहिली. दर पाच मिनिटांनी थांबायची, ऐकायची, पुन्हा सुरू करायची. तीन वाजले, साडेतीन झाले. माझी बोटं बधिर झाली. हात बदलताना चिमटा सुटला तर त्याच क्षणी दादा बोलला असेल, या विचाराने मी हात बदलला नाही. मी बटण बंद केलं होतं त्या तासाचा हिशोब डोक्यातून जात नव्हता. एका तासात किती वेळा हाक मारता येते? मी मनातल्या मनात देवाला सांगत होतो की तो परत येऊ दे, गोड शेवट होऊ दे, कसाही, कितीही न पटणारा. माझ्यासारखा माणूस हे सांगत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

पाचचा टाईम आला. वहिनी गप्प बसली. आम्ही दोघं डब्याकडे बघत होतो. पाच वाजून पाच मिनिटं. दहा. रिक्षावाला उठून पावसात जाऊन उभा राहिला.

सव्वापाचच्या पुढे एक आवाज आला. दादाचा नव्हता. विजयदुर्गच्या बाजूची कोणतीतरी बोट होती.

"नाट्याची बोट वढून आणतंव. वल्हं उभा करून वर शर्ट बांधलेलानी, म्हणून दिसली आमाला. माणसा चार हायत. चारी बरी हायत."

मी ढसाढसा रडलो. हॉलमध्ये सिनेमा बघून रडणाऱ्या ज्या बायांना मी हसायचो, त्यांच्यातली एकही कधी इतकी रडली नसेल. चिमटा तसाच धरून रडत होतो. वहिनीने माइक तोंडाजवळ नेला आणि विचारलं, "इंजिनाचा काय झाला?" पलीकडचे लोक हसल्याचा आवाज आला. मग ती पायरीवर बसली, कपाळ गुडघ्यांवर टेकवलं आणि बराच वेळ उठली नाही. चहा मी केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा घरी आला. ओठ फुटलेले, तळहातांची सालं निघालेली. चालताना अजून बोटीवर असल्यासारखा झोकांडत होता. नांगराचा दोर तुटला होता आणि पहिल्याच मोठ्या लाटेत पिंपं वाहून गेली होती, त्यातलंच एक किनाऱ्याला लागलं. आंघोळ करून तो जेवायला बसला, त्याच्या शेजारी मी. बोलता बोलता त्याने भाताचा गोळा हातात तसाच धरला.

"काल दुपारी, दोन वाजले असतील, डोंगर दिसला," तो म्हणाला. "म्हटला आता पोचंल आवाज. बॅटरी संपत आलेली, टाईमापर्यंत थांबलो असतो तर बोलताच नसता आला. तीनदा बोलवलंय. हयसून कोणच बोलला नाय."

मी वहिनीकडे बघायला घाबरत होतो.

"मग बॅटरी मेलीच. पोरांना सांगितलं, घरी कोण नाय रे ऐकायला. त्यातला एक रडाय लागला." दादा हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "ती बोट दिसली नसती तर..."

वहिनी कालवणाचं भांडं घेऊन आली होती.

"बॅटरी उतरलेली," ती म्हणाली. "मी दुसरी आणूक गेललंय."

"वाटलाच मला," दादा म्हणाला, आणि तो घास त्याने खाल्ला.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तोंड उघडलं. सांगणार होतो, खरंच सांगणार होतो. सत्य सांगावं, आडपडदा ठेवू नये, हे शेकडो वेळा मी दुसऱ्यांना ऐकवलेलं आहे. दादाने आपला सालं निघालेला हात माझ्या पाठीवर ठेवला.

"तू हयसर होतास म्हणून बरा झाला," तो म्हणाला. "ही एकटी असती तर खचली असती."

वहिनीने माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी तो सगळा खाल्ला.